कोलंबो ऐकू येई, पुणे दिसत नसे : सोलापूरच्या छपरांवरील अँटेनाचा इतिहास

#थ्रेड

१/
१९७० च्या दशकात सोलापूरच्या घराघरांत रेडिओवर कोलंबो ऐकू येत असे. सरळ रेषेत मोजल्यास कोलंबो येथून सुमारे १,२५० किलोमीटर दूर आहे. त्याच दशकात अवघ्या २४० किलोमीटरवरच्या सिंहगडावरून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण रोज चालू होते. पण ते सोलापूरपर्यंत पोहोचत नव्हते. परदेशातील आवाज घरात येतो आणि शेजारच्या जिल्ह्यातील चित्र येत नाही, याचे कारण काय? पुढे चित्र आले, तेव्हा ते कोणत्या भाषेत आले? छपरावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांमधून या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणारा हा धागा.

२/
आधी रेडिओ. व्हॉल्व्हच्या रेडिओला बाहेरची तार लागत असे. तिला ‘एरियल’ म्हणत. दोन खांबांमध्ये ताणलेली तांब्याची तार, किंवा माजघराच्या भिंतीलगत बांधलेली विणीव तांब्याची पट्टी, एवढ्यावर काम भागे. तार कोणत्या दिशेला आहे, किती इंच लांब आहे याची फारशी फिकीर करावी लागत नसे. तार जितकी लांब आणि उंच तितका आवाज स्पष्ट, हा ढोबळ नियम सर्वांना माहीत होता. अँटेना म्हणजे काय, याविषयीची लोकांची पहिली समजूत या तारेने घडवली.

३/
या तारेवर सरकारचेही लक्ष होते. भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ नुसार रेडिओ बाळगण्यास परवाना लागे. पोस्टात शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे. दूरचित्रवाणी आली तेव्हा तिलाही हाच नियम लागू झाला. संच घरात लपवता आला असता, पण छपरावरचा अँटेना लपवणे अवघड होते. घरगुती परवान्याची ही पद्धत १९८५ मध्ये संपुष्टात आली. जुन्या पेटीत अशी पुस्तिका सापडली, तर घरात यंत्र केव्हा आले याचा तो विश्वसनीय पुरावा समजावा.

४/
आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. कोलंबोचा कार्यक्रम लघुलहरींवर येत असे. या लहरी आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांबरावर आपटून पुन्हा जमिनीकडे वळतात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई त्यांना आडवी येत नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी त्याहून कितीतरी अधिक कंप्रतेच्या असतात. त्या एरवी आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. जमिनीलगत त्या जवळपास सरळ रेषेत चालतात. म्हणून मनोऱ्याचे टोक आणि घरावरचा अँटेना यांना जणू एकमेकांचे दर्शन व्हावे लागते. मधे डोंगर किंवा क्षितिज आले की चित्र संपले.

५/
भारतात दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. त्यासाठी युनेस्कोचे साहाय्य होते आणि सुरुवातीला कार्यक्रम आठवड्यातून दोनदाच होत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथून सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मुंबईचे कार्यक्रम पुण्याला दिसावेत म्हणून सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आले. ज्या गडाचे नाव तानाजी मालुसऱ्यांमुळे प्रत्येक मराठी घराला ठाऊक होते, तोच गड आता अँटेना लावणाऱ्यांसाठी दिशादर्शक झाला. पुण्यात अँटेनाचे तोंड सिंहगडाकडे करावे, हे मुलांनाही कळू लागले.

६/
मग सोलापूरला सिंहगड का दिसत नव्हता? हिशेब करून पाहू. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच, तर सोलापूर सुमारे ४६० मीटर. उंचीचा वर्गमूळ काढून त्यास ४.१ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पूर्वेकडील पठाराच्या तुलनेत सिंहगडावरील मनोऱ्याची उंची साडेआठशे मीटर धरली, तर हे अंतर सुमारे १२० किलोमीटर येते. घरावरच्या दहा मीटर उंच खांबामुळे त्यात आणखी १३ किलोमीटरची भर पडते. म्हणजे आदर्श परिस्थितीतही सिंहगडाची हद्द इंदापूर–उजनीच्या परिसरात संपते. सोलापूर तेथून आणखी शंभर किलोमीटर पुढे आहे.

७/
त्यात आणखी एक अडथळा. सिंहगडावरून सोलापूरकडे रेषा ओढली, तर ती पुरंदरच्या अगदी जवळून जाते, आणि पुरंदर सिंहगडाहून उंच आहे. इतिहासात सख्खे शेजारी असलेल्या या दोन गडांपैकी एकाने दुसऱ्याच्या लहरींवर सावली धरावी, हा भूगोलाचा खेळ. उन्हाळ्यात हवेचे थर उलटसुलट तापले की अशा लहरी कधी वाकतात आणि नेहमीच्या हद्दीपलीकडे घटकाभर चित्र उमटवतात. पण अशा पाहुण्या चित्राच्या भरवशावर कोणी संच विकत घेत नाही. सोलापूर खऱ्या अर्थाने अंधारात होते.

८/
या अंधाराच्या अगदी काठावर १९७५ मध्ये एक आश्चर्य घडले. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. तिच्या पलीकडे कर्नाटकचे विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी दिसू लागली. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेऊन इस्रोने केला. देशभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती. प्रयोगाचे व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, जन्माने कोल्हापूरचे.

९/
या खेड्यांतील अँटेना पाहण्यासारखा होता. सुमारे तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची ती परडी. ती स्वस्त, हलकी आणि गावात दुरुस्त करता येईल अशी असावी, हा त्यामागचा विचार. एटीएस-६ तेव्हा ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या आकाशात होता. त्यामुळे विजापूरकडील परड्यांची तोंडे जवळपास पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ४० अंश वर वळवावी लागत. उपग्रह आकाशात असल्याने डोंगर, नदी, क्षितिज यांचा अडसर उरला नव्हता. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने त्यासाठी संच पुरवले होते.

१०/
मात्र एक सीमा उरलीच होती. साइटचे कार्यक्रम हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत होत. महाराष्ट्र सहा राज्यांत नव्हता आणि मराठी चार भाषांत नव्हती. भीमेच्या दक्षिणतीरावरील जिल्ह्यांत शेती, आरोग्य, शाळा यांवरील कन्नड कार्यक्रम उपग्रहावरून उतरत होते आणि उत्तरतीरावर काहीच नव्हते. येथे सोलापूरचे वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलते. गिरण्यांनी आणि मागांनी तेलंगणातील पद्मशाली विणकर येथे आणले. कानडी तर या मातीतलीच. सोलापूरच्या दोन भाषा त्या वर्षी उपग्रहावर होत्या, सोलापूर नव्हते.

११/
३१ जुलै १९७६ रोजी साइट संपले आणि एटीएस-६ परत नेण्यात आला. प्रयोग झालेल्या भागांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे उभारली गेली. त्यांपैकी एक १९७७ मध्ये गुलबर्ग्याला आले. सोलापूरपासून गुलबर्गा सरळ रेषेत सुमारे १०५ किलोमीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्म्याहून कमी अंतरावर. त्याच वर्षी हैदराबाद केंद्रही सुरू झाले. नकाशावर पाहिले तर सोलापूरला सर्वांत जवळचा मनोरा आता कन्नड बोलणारा होता; पण गोलाईच्या हिशेबाने तोही क्षितिजाखालीच.

१२/
आता प्रत्यक्ष अँटेनाकडे वळू. भारतातील छपरांवर जो माशाच्या काट्यासारखा सांगाडा दिसे, त्याचे खरे नाव ‘यागी-उदा अँटेना’. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी १९२० च्या दशकात तो प्रयोगांती सिद्ध केला. हिदेत्सुगु यागी हे त्यांचे ज्येष्ठ प्राध्यापक. १९२८ मध्ये यागी यांचा इंग्रजी लेख अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि जगाला केवळ त्यांचेच नाव ठाऊक झाले. बहुतांश काम उदा यांचे, कीर्ती यागींची, असा हा प्रकार. आज पाठ्यपुस्तके दोघांचीही नावे घेतात.

१३/
या शोधाची एक कथा नेहमी सांगितली जाते. १९४२ मध्ये जपान्यांनी सिंगापूर जिंकले, तेव्हा त्यांच्या हाती एका ब्रिटिश तंत्रज्ञाची रडारविषयीची टिपणवही लागली. तीत ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता. जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी युद्धकैदी झालेल्या त्या तंत्रज्ञालाच विचारण्यात आले. त्याने सांगितले, हे तुमच्याच देशातील प्राध्यापकाचे नाव आहे! मायदेशी दुर्लक्षित राहिलेला शोध शत्रूच्या वहीतून परत आला. सोलापूरच्या गच्चीवर कावळ्यांना बसायला जागा देणाऱ्या काड्यांची वंशावळ अशी महायुद्धातून जाते.

१४/
उदा यांचा भारताशी थेट संबंधही आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते युनेस्कोतर्फे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करीत होते. १९५९ मध्ये दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली, तिच्याशी त्यांच्या कामाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तरीही पुढे भारतातील लक्षावधी छपरांवर ज्यांची रचना उभी राहणार होती, तो संशोधक त्या अगोदर काही काळ याच देशात राहून गेला, ही नोंद इतिहासप्रेमींनी जपून ठेवावी अशी आहे.

१५/
या सांगाड्याची रचना समजायला सोपी आहे. मधल्या आडव्या दांड्यावर तीन प्रकारच्या काड्या असतात. एक लांबट, दोन्ही टोके वळवून बंद केलेली काडी म्हणजे डायपोल. वायर फक्त तिलाच जोडलेली असते. तिच्या मागे थोडी अधिक लांब काडी असते, ती रिफ्लेक्टर. ती लहरींना आरशासारखी पुढे ढकलते. पुढे क्रमाने आखूड काड्या असतात, त्या डायरेक्टर. त्या लहरी एका दिशेने एकवटतात. म्हणून आखूड काड्यांचे टोक मनोऱ्याकडे करायचे. उलटा बसवलेला अँटेना ही नवख्याची ठरलेली चूक.

१६/
अँटेना निवडताना पहिला प्रश्न असे : केंद्र कोणत्या चॅनेलवर आहे? डायपोलची लांबी लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा किंचित कमी ठेवतात. भारतातील चॅनेल २ ते ४ खालच्या पट्ट्यात, ४७ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये होती. चॅनेल ४ साठी काडी सुमारे २.२ मीटर, म्हणजे सात फुटांहून अधिक लांब लागे. चॅनेल ५ ते १२ वरच्या पट्ट्यात, १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये. चॅनेल ५ साठी ८० सेंटिमीटर, तर चॅनेल १२ साठी सुमारे ६३ सेंटिमीटर पुरत. एका गावचा उत्तम अँटेना दुसऱ्या गावी निरुपयोगी ठरे, तो यामुळे.

१७/
दुसरा प्रश्न : काड्या किती? तीन काड्यांचा अँटेना केंद्राजवळ पुरेसा होतो. अंतर वाढले की पाच, सात किंवा त्याहून अधिक काड्या लागतात. पण काड्या वाढल्या की अँटेनाची नजर अरुंद होते. दिशा थोडी चुकली तरी चित्र बिघडते आणि वाऱ्याचा भारही वाढतो. म्हणून जाणकार आधी उंची वाढवा, मग काड्या वाढवा असे सांगत. अधिक काड्या म्हणजे अधिक चांगले चित्र, ही समजूत दुकानदाराच्या सोयीची होती. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्यास बारा काड्या घेण्याचे कारण नव्हते.

१८/
सोलापूरचे नशीब बदलले ते १९८२ नंतर. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत प्रक्षेपणाचाही आरंभ झाला. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरणार होत्या. देशाचा स्वतःचा इन्सॅट-१ए उपग्रह एप्रिलमध्ये सुटला, पण सप्टेंबरमध्ये निकामी झाला. त्यानंतरचा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर अंतराळयानातून निघाला आणि यशस्वी झाला. आता दिल्लीचे चित्र उपग्रहावरून कोणत्याही शहरात उतरवून तेथल्या छोट्या मनोऱ्यावरून पसरवता येणार होते. सिंहगड, पुरंदर आणि पृथ्वीची गोलाई हे तिन्ही अडथळे एकदम बाजूला झाले.

१९/
१९८४ मध्ये काही महिने देशात दररोज सरासरी एक या गतीने प्रक्षेपक उभे राहिले. त्यांतील बहुसंख्य १०० वॅटचे, म्हणजे लघुशक्तीचे होते. घरातल्या एका मोठ्या बल्बइतकी ही शक्ती! लाखाहून अधिक वस्तीची शहरे प्राधान्याने जोडायची, असे धोरण होते. १९८१ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या पाच लाखांवर होती. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या शहरांत दूरचित्रवाणी आली ती या लाटेत. राज्याने मनोरा दिला. त्याच्यापुढचा सगळा खटाटोप, म्हणजे अँटेना, खांब, वायर आणि दिशा, घरमालकाने करायचा होता.

२०/
तो खटाटोप छपरागणिक वेगळा असे. जुन्या सोलापुरातील घरे माळवदाची : लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. माळवदाला भोक पाडणे म्हणजे पावसाळ्यात गळती ओढवून घेणे. तेथे खांब भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आवळणे श्रेयस्कर. गिरणी कामगारांच्या चाळींवर पत्रे. पत्र्यावर पाय देणेच जोखमीचे, शिवाय जवळचा पत्रा लहरी परतवतो म्हणून अँटेना त्याच्यापासून चांगला वर उचलावा लागे. सिमेंटची गच्ची सर्वांत सोयीची. खांब म्हणजे बहुधा पाण्याचाच जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, आणि तो वाऱ्यात डुलू नये म्हणून तीन दिशांना तारेचे ताण.

२१/
त्यानंतर वायर. आरंभीच्या काळात चपटी, दोन तारांची वायर सर्रास वापरली जाई. वळवलेल्या डायपोलचा विद्युतरोध सुमारे ३०० ओहम आणि चपट्या वायरचाही तेवढाच. म्हणून दोघांची जोडी जमे. पण ही वायर भिजली, लोखंडी खांबाला चिकटून गेली किंवा वाऱ्याने फडफडली की चित्र बिघडे. नंतर ७५ ओहमची गोल केबल आली. ती खांबालगत निर्धास्त नेता येई, पण मधे बलून नावाची छोटी जुळणी-डबी बसवावी लागे. ती न बसवल्यामुळे चांगला अँटेना बदनाम झाल्याची उदाहरणे कोणताही जुना मेकॅनिक सांगू शकेल.

२२/
शेवटचा विधी दिशेचा. एक जण छपरावर, एक जण खिडकीत आणि एक जण संचासमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ हा संवाद महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीला पाठ आहे. पडद्यावर ‘मुंग्या’ दिसल्या तर लहरी क्षीण आहेत, असे समजायचे. चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली दिसली तर लहरी दोन वाटांनी, एक थेट आणि एक एखाद्या उंच इमारतीवर आपटून, येत आहेत. मुंग्यांवर उपाय उंचीचा. सावलीवर उपाय दिशा किंचित फिरवण्याचा. हे निदान लोक पुस्तकाविना शिकले.

२३/
१०० वॅटच्या मनोऱ्याची चांगली हद्द साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर. सोलापूर जिल्हा त्याच्या कितीतरी पलीकडे पसरलेला आहे. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, पंढरपूर आणि बार्शी सुमारे ७०. शहरातल्या माणसाला तीन काड्यांत जे मिळे, त्यासाठी हद्दीबाहेरच्या गावकऱ्याला उंच खांब, अधिक काड्या आणि वर बूस्टर घ्यावा लागे. बूस्टर आलेल्या लहरी वाढवतो, पण त्यांच्यासोबत गोंगाटही वाढवतो. जे मुळात पोहोचलेच नाही ते त्याला निर्माण करता येत नाही. ज्याचे उत्पन्न कमी, त्याचाच अँटेनावरचा खर्च जास्त, असा हा उलटा हिशेब होता.

२४/
उंच खांबाचा एक धोका सोलापूरला विशेष. येथे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वादळ आणि विजा घेऊन येतो. उघड्या माळरानावर सर्वांत उंच वस्तू म्हणजे अँटेनाचा खांब. खांबाला जाड तारेने जमिनीशी जोडणे आणि वीज चमकू लागताच वायर संचातून काढून ठेवणे, हे दोन नियम त्यामुळे महत्त्वाचे ठरले. तिसरा नियम त्याहून मोठा : खांब आडवा पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही, इतक्या अंतरावर तो उभा करायचा. अँटेनाच्या इतिहासात हौस आहे, तशी ही भीतीही आहे.

२५/
एवढे करून पडद्यावर काय दिसले? येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. लघुशक्ती मनोऱ्याला स्वतःचे काही दाखवता येत नसे. उपग्रहावरून येणारी दिल्ली तो पुढे ढकलत असे. त्यामुळे सोलापूरच्या घरांत आले ते मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ मालिका नव्या मनोऱ्यांबरोबरच देशभर पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची अंत्ययात्रा अशाच छोट्या मनोऱ्यांमुळे दूरदूरच्या शहरांनी पाहिली. देश प्रथमच एकाच वेळी एकच चित्र पाहत होता.

२६/
परंतु मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम, ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’, दिलीप प्रभावळकरांचा ‘चिमणराव’, हे १९७० च्या दशकापासून मुंबई-पुण्याच्या घरांत रुजले होते. सोलापूर, नांदेड, चंद्रपूर यांच्या वाट्याला ते आले नाहीत. आज ‘मराठी माणसाच्या दूरदर्शनच्या आठवणी’ म्हणून जे सांगितले जाते, ते पुष्कळ अंशी सिंहगडाच्या क्षितिजाअलीकडील मराठी माणसाचे असते. ‘आमची माती’ शेतकऱ्यांसाठी होती, पण सीना-भीमेच्या काठच्या ज्वारी उत्पादकाला ती वर्षानुवर्षे पाहता आली नाही.

२७/
१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यातील मनोरे उपग्रहामार्गे मुंबई केंद्राशी जोडले गेले आणि संध्याकाळच्या काही तासांपुरती मराठी सोलापूरला दिसू लागली. म्हणजे क्रम असा : आधी नदीपलीकडे कन्नड, मग घरात दिल्लीची हिंदी, आणि सर्वांत शेवटी मराठी. राज्यातील एका मोठ्या मराठी शहराला मराठी चित्र पाहण्यासाठी मुंबई केंद्राच्या स्थापनेनंतर एका तपाहून अधिक काळ थांबावे लागले. छपरावरचा अँटेना या सगळ्या काळात घरमालकाच्या मालकीचा होता. तो कोठे वळवायचा याला मात्र एकच पर्याय होता.

२८/
जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० ‘महाभारत’. हा छपरावरच्या काड्यांचा सुवर्णकाळ. १९९० च्या दशकात केबल आली. गल्लीत एकाच घरावर मोठी छत्री आणि तिथून घरोघर वायर. अँटेना प्रथमच सामायिक झाला आणि बाकीच्यांचे सांगाडे गंजू लागले. नंतर घरोघरच्या छोट्या छत्र्या आल्या. सोलापूरच्या छपरांवर त्यांची तोंडे आग्नेयेकडे असतात, कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्तावर सोलापूरच्या पूर्वेकडील रेखांशांवर आहेत. ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूरही होते.

२९/
जमिनीवरील मनोऱ्यांचा शेवट शांतपणे झाला. प्रसार भारतीने जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि मार्च २०२२ पर्यंत मोक्याची मोजकी ठिकाणे वगळता ते संपले. नव्या डिजिटल भूप्रक्षेपणासाठी निवडलेल्या शहरांत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, यांचा समावेश होता. सोलापूर त्या यादीत नव्हते. ज्या तंत्राची या शहराने एवढी वाट पाहिली, ते येथे जेमतेम चार दशके टिकले.

३०/
जुन्या वाड्यावर, चाळीवर किंवा माळवदावर असा सांगाडा अजून उभा असेल, तर तो भंगारात जाण्याआधी तीन गोष्टी नोंदवाव्यात. डायपोलची लांबी मोजावी : दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल तर खालचा पट्टा, ६० ते ८० सेंटिमीटर असेल तर वरचा. काड्या मोजाव्यात : जास्त असतील तर घर बहुधा मनोऱ्यापासून दूर. आणि होकायंत्राने आखूड काड्यांकडील टोकाची दिशा पाहावी. खांब मूळ जागी असेल तर नकाशावर त्या रेषेत कोणता मनोरा येतो ते कळेल. शिलालेख वाचावा तसा हा सांगाडा वाचता येतो. त्या घराने कोणाची वाट किती वर्षे पाहिली, याचा कागदोपत्री नसलेला पुरावा बहुधा तेवढाच उरला आहे.

(धागा समाप्त)

#सोलापूर #दूरदर्शन #तंत्रज्ञानाचा_इतिहास #मराठी